निद्राश्वासरोध
झोपेत ग्रसनीचे स्नायू शिथिल होऊन श्वसनमार्ग वारंवार मिटण्याच्या विकारास निद्राश्वासरोध म्हणतात. प्रत्येक खेपेस श्वास किमान १० सेकंद थांबतो. मोठ्याने घोरणे व दिवसा अनावर झोप येणे ही प्रमुख लक्षणे होत. रोग्याला रात्रीच्या प्रकाराची जाणीव बहुधा नसते. म्हणून निद्राचिकित्सालयात त्याला रात्रभर झोपवून मेंदूचे विद्युत् आलेख, डोळ्यांच्या हालचाली, श्वासप्रवाह व रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण यांची एकाच वेळी नोंद करतात. तासाला सरासरी ३० किंवा अधिक पूर्ण वा अंशतः रोध आढळल्यास विकार तीव्र समजतात. उपचारांअभावी रक्तदाब वाढण्याचा व वाहन चालविताना झोप लागून अपघात होण्याचा धोका असतो. पूर्वी तीव्र विकारात श्वासनालास छिद्र पाडीत. कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी सिडनी येथे विकसित केलेल्या पद्धतीत (१९८१) नाकावरील मुखवट्यातून सतत दाबयुक्त हवा देऊन मार्ग उघडा ठेवतात. वजन घटविणे व मद्य वर्ज्य करणेही हितावह असते.