देवीमुक्त जग कोण विकणार?
देवीची लस विकता येते, देवीमुक्त जग मात्र विकता येत नाही. रोगच संपला की एक पैसाही न देणारा तितकाच सुरक्षित होतो. त्याला वगळायचे कसे? शिवाय त्याच्या सुरक्षिततेने इतरांची घटतही नाही. अर्थशास्त्र याला सार्वजनिक वस्तू म्हणते. दुसरा देईल म्हणून जो तो थांबतो, खर्च वसूल होत नाही आणि बाजार तिकडे वळत नाही. हा कुणाचा दुष्टपणा नव्हे, हिशेबच तसा आहे. म्हणून १९६७ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि सरकारांनी सार्वजनिक पैशातून मोहीम तीव्र केली: गावोगाव रुग्ण शोधायचे, त्यांच्या संपर्कातल्यांना लस टोचायची. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, नैसर्गिक लागणीचा जगातला शेवटचा १९७७ मध्ये सोमालियात. १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झाले आणि पुढे काही वर्षांत कोणत्याच देशात मुलांना ही लस नियमितपणे दिली जात नव्हती.