हेडलाइटचा लूक घरीच बदलताय? आधी आतला आरसा समजून घ्या

इन्स्टाग्रामवर गाड्यांचे रील्स बघायला लागलात की दर तिसऱ्या रीलमध्ये हेडलाइट असतोच. कुणी त्यावर धुरकट काळी फिल्म चढवतंय, कुणी आत गोल चमकत्या रिंगा बसवतंय, तर कुणी ऑनलाइन मागवलेला एलईडी बल्ब लावून अंधारात दिवस उजाडल्याचं दाखवतंय. यात नवल काही नाही. हेडलाइट म्हणजे गाडीचा चेहरा. आठ-दहा वर्षं जुनी गाडीसुद्धा नुसते दिवे बदलले तरी वेगळी दिसते.

पण हा चेहरा रात्री समोरून येणाऱ्याला कसा दिसतो, ते मात्र रीलमध्ये कधीच नसतं.

हेडलाइटमध्ये मुख्य गोष्टी तीन. बल्ब, त्याच्यामागचा आरशासारखा रिफ्लेक्टर आणि पुढची काच. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये एच४ प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, अप्परची ६० वॉटची आणि डिपरची ५५ वॉटची. डिपरच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. सगळी गंमत या वाटीत आहे. तारेचा खाली जाणारा उजेड ती अडवते. तो उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडला असता, तर उसळून थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत गेला असता. वाटीमुळे डिपरच्या उजेडाला वरून कापल्यासारखी स्वच्छ कड मिळते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून ही कड डावीकडे जरा वर चढते. कडेने चालणारा माणूस लांबून दिसावा, हा त्यामागचा हेतू.

रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा ती तार नेमकी कुठे आहे, हे धरून घडवलेला असतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी उजेड भलतीकडे जातो.

आता याच जागी एलईडी बल्ब बसवला तर? त्यात तार नसते. एका पट्टीच्या दोन बाजूंना चिप्स असतात. त्या तारेच्या जागी नेमक्या बसल्या नाहीत, तर कड फिस्कटते आणि उजेड वर पसरतो. चालवणाऱ्याला हे कळत नाही, उलट बोनेटपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसल्याने तो खूश होतो. लांबचा खड्डा मात्र लवकर दिसेलच असं नाही, कारण जवळच्या लखलखाटाला सरावलेल्या डोळ्यांना दूरचा अंधार आणखी काळा वाटतो. आणि घाटातल्या वळणावर समोरच्या दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसत नाही.

जास्त वॉटचे हॅलोजन, म्हणजे १३०/१०० वगैरे, हा जुना शौक. त्यात तर मूळ वायरिंगवर भार येऊन होल्डर वितळतो. ज्यांनी जुन्या ॲम्बॅसिडर आणि ट्रक पाहिलेत, त्यांना हेडलाइटच्या काचेवरचा काळा ठिपका आठवत असेल. समोरच्याचे डोळे दिपू नयेत, म्हणून तो रंगवलेला असायचा. तेव्हा उजेड कमी करायला रंग लावत होते, आता तो वाढवायची हौस आहे.

मग घरी काहीच करायचं नाही का? तसं नाही. बल्ब, रिफ्लेक्टर आणि उजेडाची वाट यांना हात न लावता बरंच करता येतं.

चमकत्या रिंगा बीएमडब्ल्यूने २००० च्या सुमारास ५ सिरीजमध्ये आणल्या आणि जगभर त्यांची नक्कल झाली. रस्ता उजळणं हे त्यांचं कामच नाही. पण घरी त्या बसवायच्या तर हेडलाइटची काच उष्णता देऊन उघडावी लागते. ती परत नीट सील झाली नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात आत वाफ धरते. काळी फिल्म तर सरळसरळ उजेड खाते. दिवसा रुबाबदार, रात्री आंधळी.

सगळ्यांत जास्त फरक पडतो तो पिवळी पडलेली काच साफ केल्याने. ही काच खरं तर पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक असते. वरचा संरक्षक थर उन्हाने झिजला की ते पिवळट आणि धूसर होतं. टूथपेस्टने घासायचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. तो खोटा नाही, पेस्टमधले बारीक कण वरचा मळकट थर काढतात. पण संरक्षक थर परत येत नाही, म्हणून थोड्याच काळात काच पुन्हा पिवळी दिसू लागते.

टिकाऊ काम करायचं तर काच धुवून भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग पाणी मारत १०००, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर क्रमाने फिरवा. पहिल्या कागदानंतर काच दुधी होते आणि गाडीचं वाटोळं केलं असं वाटतं. घाबरू नका, ते तसंच व्हायला हवं. शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणा आणि अतिनील किरणं अडवणारा क्लिअर कोट मारा. अनेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दिव्यांना काहीही केलं असेल, तर एक चाचणी घरच्या घरी होते. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड स्पष्ट दिसली पाहिजे आणि ती बल्बच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली असायला हवी. कड दिसतच नसेल, तर जुना बल्ब परत लावा. आणि अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं. तेव्हा ते चाक फिरवून दिवे खाली घ्यायचे असतात.