भोंगा वाजल्यानंतर

बेळगावजवळील हलगा गावात सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि नऊपर्यंत घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा ग्रामस्थांनी सुरू केली. तत्पूर्वी 2022 साली सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने असाच भोंगा वाजवून मुलांच्या अभ्यासासाठी दीड तास राखून ठेवला होता. सारे गाव मिळून पाळत असल्याने ‘मलाच का?’ हा मुलांचा प्रश्न आपोआप गळून पडतो. चिकोडी परिसरातील गावांनीही हा प्रयोग करून पाहावा, असे मनापासून वाटते.

परंतु भोंगा वेळेला आवर घालतो, धोक्याला नव्हे. खरा धोका पाच मिनिटांतही घरात शिरू शकतो.

त्याची रीत बहुधा ठरलेली असते. खेळाच्या ॲपमध्ये एखादा अनोळखी ‘मित्र’ भेटतो. तो मुलाचे कौतुक करतो, खेळातील नाणी भेट देतो आणि हळूच संभाषण व्हॉट्सॲपवर किंवा इन्स्टाग्रामवर नेतो. मग छायाचित्राची मागणी होते. एकदा ते हाती लागले की ‘सर्वांना पाठवीन’ अशी धमकी येते. मूल घरी बोलत नाही, कारण त्या अनोळखी माणसापेक्षा त्याला वडिलांच्या संतापाचे आणि फोन हिरावला जाण्याचे भय अधिक असते. दवाखान्यात ते येते तेव्हा तक्रार पोटदुखीची, झोप न लागण्याची अथवा शाळेला जाण्याच्या कंटाळ्याची असते. तपासण्या सर्व व्यवस्थित निघतात आणि आपण टॉनिक लिहून देतो!

म्हणून पालकांना सर्वप्रथम सांगावयाचे ते हे, की काहीही घडले तरी फोन काढून घेणार नाही व रागावणार नाही, असे वचन मुलाला आधीच द्यावे आणि प्रसंग आल्यावर ते पाळावे. धमकी आल्यास पैसे देऊ नयेत, संदेश पुसून टाकू नयेत. समोरच्याचा क्रमांक, खात्याचे नाव व धमकीचे मजकूर जपून ठेवावेत आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर अथवा 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. मात्र ते छायाचित्र सल्ल्यासाठी म्हणूनही काका-मामांना पाठवू नये. अज्ञान मुलांची अशी चित्रे पाठविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब अन्वये गुन्हा आहे.

आणखी एक साधी गोष्ट. अनेक घरांत मूल वडिलांच्याच खात्यावरून फोन वापरते. त्यामुळे ॲपच्या लेखी ते चाळीस वर्षांचे गृहस्थ ठरते आणि वयाची सारी बंधने निरुपयोगी होतात. मुलाचे खरे जन्मवर्ष घालून वेगळे खाते उघडावे आणि पैसे देण्याचा पिन त्याला सांगू नये. तान्ह्या बाळाला फोन दाखवून घास भरविणाऱ्या मातांना काय सांगावे? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली एक वर्षाखालील बालकांसाठी पडदा पूर्णतः वर्ज्य आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे सांगितले आहे. (आपल्याच प्रतीक्षाकक्षातील दूरदर्शन संच या हिशेबात धरावा काय, याचा विचार सभासद बंधुभगिनींनी करावा.)

आपल्या व्यवसायापुरते एक कर्तव्य स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालील मुलाला चित्राची धमकी देऊन त्याचा लैंगिक छळ होत असल्याचे समजल्यास, पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळविणे डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. न कळविल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. ‘गावात बोभाटा नको’ ही घरच्यांची विनवणी समजण्यासारखी आहे. पण मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास कायद्यानेच मनाई आहे, हे त्यांना शांतपणे सांगता येते. सद्हेतूने माहिती देणाऱ्यासही कायद्याचे संरक्षण आहे. वारंवार पोटदुखी घेऊन येणाऱ्या मुलाला, आईवडिलांना दोन मिनिटे बाहेर बसवून आणि परिचारिकेला जवळ ठेवून, ‘फोनवर कुणी त्रास देते का रे बाळा?’ एवढे विचारण्यास कोणतेही उपकरण लागत नाही.