मालवणच्या सायकली, मुलांच्या शिक्षणासाठी

ब्रिटनमधील करुणा ट्रस्टचे कार्यकर्ते १९८० पासून घरोघर फिरून निधी जमवत आले. त्यातून पुण्याच्या बहुजन हिताय संस्थेच्या वसतिगृहांना, बालवाड्यांना आधार मिळाला. परकी माणसे आपल्या लेकरांसाठी दारे ठोठावतात. मग आम्ही मागे का राहावे?

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यास देण्यास सांगितले. शंभरात पाच रुपये! हा हिशेब आम्ही भाषणात ऐकतो आणि घरी जाऊन विसरतो.

मालवणच्या तरुणांपुढे आम्ही एक मार्ग ठेवतो. मालवण ते कुडाळ, धामापूरमार्गे, सुमारे ३० किलोमीटर. दहा जणांनी सायकली काढाव्यात. प्रत्येकाने पन्नास घरांतून किलोमीटरमागे एक रुपयाचा शब्द घ्यावा. एका सायकलस्वाराचे १,५०० रुपये, दहांचे १५,०००. घरटी फक्त ३० रुपये. रोजंदारीवरच्या कुटुंबालाही झेपतील.

मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे. पण वह्या, दप्तर आणि दहावीनंतरचा खर्च कोण देणार? कितीतरी मुलांची शाळा इथेच सुटते.

जमलेल्या पै-पैचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लावावा. विश्वास टिकला, तर पुढल्या वर्षी दहाच्या पन्नास सायकली होतील.

जयभीम!