पट जिंकावा आणि घरी चालत यावे

मोटारींच्या शर्यतीत वेग मोजतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पण शर्यतीची गाडी आली कशी आणि परत गेली कशी, हेही जिथे पाहिले जाते अशी एक शर्यत अमेरिकेत आहे. २००५ साली तिथल्या ‘हॉट रॉड’ नावाच्या मोटारविषयक मासिकाने ती सुरू केली. तिचे नाव ‘ड्रॅग वीक’. पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची सरळ धावपट्टी; गाडी उभ्या जागेवरून सोडायची आणि ती किती सेकंदांत शेवट गाठते ते घड्याळाने टिपायचे. इथवर नवे काही नाही. अशा शर्यती तिकडे पुष्कळ होतात आणि शर्यतीच्या गाड्या बहुधा दुसऱ्या वाहनावर लादून आणल्या जातात.

‘ड्रॅग वीक’ची मेख पुढेच आहे. शर्यत चालते पाच दिवस, आणि एक धावपट्टी झाली की पुढची गाठायची ती त्याच गाडीत बसून, चारचौघांच्या रस्त्याने, नंबराची पाटी लावून. आठवड्याची ही वाटचाल हजार मैलांच्या घरात जाते. मागून मदतीची गाडी आणायची नाही. हत्यारे, सुटे भाग, शर्यतीपुरती लावायची रुंद चाके, सारे आपल्याच गाडीत किंवा तिच्यामागे जोडलेल्या लहानशा गाड्यात. वाटेत काही मोडले तर रस्त्याच्या कडेला बसून आपणच नीट करायचे. जो पोचला नाही तो बाद. मग तो धावपट्टीवर कितीही वाऱ्यासारखा गेलेला असो! पुढे याच धर्तीवर शनिवार-रविवारच्या आटोपशीर शर्यतीही निघाल्या.

वाचकहो, या मोटारींचे आम्हा परभणीकरांना काय, असे कुणी विचारील. पण हा नियम वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मोटार आलीच नाही. आला तो आमच्याकडचा शंकरपट.

शंकरपट म्हणजे बैलजोडीची शर्यत. विदर्भात तिचा थाट मोठा. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर प्रसिद्धच आहे, आणि तिथे बायकाही जोड्या हाकतात. मराठवाड्यातही पट भरतात. पुण्याकडच्या घाटात बैलांपुढे घोडी धावते, साताऱ्या-सांगलीकडे अनेक छकडे एकाच वेळी सुटतात. शंकरपटात मात्र सरळ आखलेल्या पट्टीवर जोडी धावते ती घड्याळाशी. हलकी छकडी, तिच्यावर तोल सावरून बसलेला धुरकरी, आणि सेकंदाचे शंभर भाग करणारे विजेचे घड्याळ. पापणी लवते न लवते तोच सारे संपलेले असते. अमेरिकेतल्या त्या पाव मैलाशी याचे सख्खे नाते आहे, असे मला वाटते.

हा खेळ मध्यंतरी बंद होता. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींनाही बंदी केली. २०१७ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयात तो अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अटींसह वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्यकाची तपासणी हवी. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई. बैलाचा छळ झाला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

दहा वर्षांत कोर्टाचे निकाल बदलले, तसा बैलही बदलला. घरोघरी ट्रॅक्टर आला. पटावरचा बैल हा आता बहुधा शर्यतीचाच बैल असतो. त्याच्या मानेवर नांगराचे जू येत नाही. त्याची किंमत लाखांत बोलली जाते आणि तो पटावर येतो तो टेंपोत उभा राहून. शेतात राबणारा आणि सणावारी धावणारा घरचा बैल पटावर शोधावाच लागतो.

असाच एक बैल, नव्हे, जोडी, जिंतूर तालुक्यात माझ्या मामांच्या दावणीला आहे. हरण्या आणि गुलब्या, दोन्ही लाल कंधारी. मामांनी सत्तरी ओलांडली आहे. नांगरट हल्ली भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. पेरणी, कोळपणी आणि गाडीचे काम जोडीकडे. गेल्या जानेवारीत चार कोसांवरच्या एका गावी पट भरणार होता. मामांचा नातू धुरकरी व्हायला अधीर झालेला. त्याने टेंपो ठरवण्याची गोष्ट काढली, तेव्हा मामा म्हणाले, “टेंपो कशाला? पाय हायेत की त्याहीला!” आणि मला निरोप आला, “मास्तर, या शनवारी. रस्त्यानं बोलाय मानूस पायजे.”

शनिवारी तिसऱ्या प्रहरी मामींनी जोडीला ओवाळले. खुरांच्या पत्र्या आदल्या दिवशीच मारल्या होत्या. गाडीत कडबा, सरकीची पेंड, पाण्याची घागर, आमच्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. आणि गाडीच्या मागे दोराने बांधलेली ती हलकी छकडी. अमेरिकेतले लोक शर्यतीची चाके मागच्या गाड्यात घालून नेतात, त्याचीच ही आवृत्ती! दोन्ही बाजूंना हुरड्यात आलेली ज्वारी, मधून डांबरी रस्ता. मोटारी भुंकत जवळून जात. गुलब्या कान टवकारी, हरण्या ढिम्म. दर कोसाला मामा गाडी थांबवून खुरांना हात लावून पाहत. चार तास लागले. टेंपोतून आलेल्या जोड्या आमच्यापुढून केव्हाच निघून गेल्या होत्या.

रविवारी सकाळी पशुवैद्यकांनी डोळे, पाय, खूर तपासले. आमची बारी दुपारी आली. जड गाडी सोडून छकडी जुंपली. सुटण्याच्या रेषेवर हरण्याला धरून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. मराठी शिकवताना ‘कासरा सैल सोडणे’ हा वाक्प्रचार मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो; पण त्या बैलाच्या खांद्याची थरथर तळहाताला लागली तेव्हा त्या शब्दांत केवढे बळ बांधलेले आहे ते कळले. खूण झाली, मी बाजूला झालो. धुळीचा लोट उठला आणि ध्वनिक्षेपकावर आकडा आला: ९.१४ सेकंद. पहिल्या आलेल्या जोडीला सहा सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागला होता. बक्षिसाच्या आसपासही आम्ही नव्हतो.

तरीही एक गृहस्थ मामांपाशी आले. हरण्याचा बांधा त्यांच्या डोळ्यांत भरला होता. त्यांनी एकट्या हरण्याला जी रक्कम सांगितली, तीत नातवाच्या ट्रॅक्टरचा पहिला हप्ता भागला असता. नातू काही बोलला नाही, नुसता आजोबांकडे पाहत राहिला. मामांनी चंची सोडली, पान लावले आणि म्हणाले, “दादा, बैल कसा पळतो ते पटावर कळतं. बैल कसा हाय, ते वाटंवर कळतं. तुमी फकस्त पट बगितला.” गृहस्थ हसून निघून गेले. परतीच्या वाटेवर नातवाने विचारले, “काका, आज नाय विकला. पुढच्या साली पाऊस नाय झाला तर?” त्याच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सोमवारी सकाळी तीच जोडी तुरीची पोती घेऊन अडतीवर गेली.

त्या मुलाचा प्रश्न खोटा नाही. वर्षभर दोन बैलांची वैरण पोसायची, आणि नांगरटीला ट्रॅक्टरचे भाडेही द्यायचे, हे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडत नाही. भावनेने दावण भरत नाही. बैलाला घरात राहायचे असेल तर त्याला कामही हवे आणि मानही हवा. आज पटाचा सारा मान टेंपोतल्या बैलाला जातो.

म्हणून पट भरवणाऱ्या गावांपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. मोठ्या गटांची बक्षिसे खुशाल मोठी असू द्या. पण एक गट असा ठेवा की, त्यातली जोडी जुंपलेल्या घरच्या गाडीनेच आली पाहिजे, धावली पाहिजे आणि जुंपूनच परत गेली पाहिजे. अंतर बेताचे असावे, वाटेत पाणी-विसावा असावा. येताच पशुवैद्यकांनी तपासावे, आणि थकलेली जोडी पट्टीवर सोडूच नये. मोटारीचे यंत्र तापले तर ती बंद पडते, पण तिला दुखत नाही, बैलाला दुखते. शर्यतींना विरोध करणाऱ्यांचे हे म्हणणे पटाच्या चाहत्यांनी हसण्यावारी नेऊ नये. उलट माझा अनुभव असा की, ज्याला बैल चालवत परत न्यायचा असतो तो त्याला पट्टीवर पिळून काढीत नाही. परतीची वाट हाच त्याच्यावरचा पहारेकरी असतो.

कुणी म्हणेल, नऊ सेकंदांची जोडी पाहायला येणार कोण? अमेरिकेतही असेच विचारले गेले असेल. पण तिथे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या गाड्यांची वाट पाहतात. कारण कालपर्यंत बाजारहाटाला जाणारी गाडी आज पट्टीवर उभी आहे, ही मौज त्यांना कळली आहे. आपल्याही शिवारातून चार कोस चालत येणारी जोडी दिसली, तर शहरातून आलेल्या मुलांना दाखवायला वेगाहून मोठे असे काहीतरी आपल्याजवळ असेल. आणि पुढच्या वर्षी कुणी नातू आजोबांना ‘विकायचा का?’ असे विचारण्याआधी एकदा दावणीकडे वळून पाहील.