गुन्हेगारांचा उपचारगट आणि उपचारकाच्या मनातील तिरस्कार

शिक्षा भोगणाऱ्या गुन्हेगारांच्या गटोपचाराचा विचार करताना लक्ष साहजिकच कैद्यांच्या मनाकडे जाते. परंतु त्यांच्यासोबत बसून गट चालवणाऱ्या उपचारकाच्या मनात काय चालले आहे, यावरही उपचाराचे यशापयश बरेच अवलंबून असते. खून किंवा बालकावरील अत्याचार केलेल्या माणसाची हकिगत त्याच्याच तोंडून ऐकताना किळस, भीती, संताप दाटून येणे स्वाभाविक आहे, आणि तसे काहीच वाटत नाही असे सांगणाऱ्या उपचारकाची खरे तर अधिक काळजी वाटावी.

इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात १९६२ साली सुरू झालेला ग्रेंडन तुरुंग हे या कामाचे ठळक उदाहरण आहे. गंभीर गुन्ह्यांतील कैदी येथे स्वतः अर्ज करून येतात, छोट्या गटांत नियमितपणे आपल्या गुन्ह्याचा आणि पूर्वायुष्याचा उलगडा करतात आणि अहिंसेसारखा मूलभूत नियम मोडणाऱ्या सोबत्याने पुढे राहावे की जावे, याविषयी मतदानही करतात. अशा गटात सोबत्याची सबब सोबतीच चटकन ओळखतो. त्यामुळे उपचारकाने फिर्यादी वकिलाची भूमिका घेण्याचे कारणच उरत नाही.

रुग्णामुळे उपचारकाच्या मनात उमटणाऱ्या भावनांना मनोविश्लेषणात ‘प्रतिसंक्रमण’ म्हणतात. फ्रॉइड यांनी १९१० मध्ये ही संकल्पना मांडली तेव्हा तिच्याकडे अडथळा म्हणून पाहिले जात होते. पुढे मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, गंभीर मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्याने आपल्या मनातील द्वेष ओळखलाच पाहिजे, असे स्पष्टपणे मांडले. न ओळखलेला द्वेष नाहीसा होत नाही, तो वेश बदलतो: कधी उलटतपासणीसारख्या प्रश्नांतून, कधी एखाद्याच कैद्याचे बोलणे लवकर आवरते घेण्यातून, तर कधी आपण पूर्वग्रहदूषित नाही हे सिद्ध करण्याच्या धडपडीत त्याची प्रत्येक सबब मान्य करण्यातून. हा अखेरचा प्रकार सर्वांत फसवा होय, कारण तो करुणेसारखा दिसतो आणि त्यात पीडित व्यक्ती मात्र विसरली जाते.

कठोरपणे कोंडीत पकडल्याने कबुली मिळते, हा समजही टिकत नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लैंगिक गुन्हेगारांच्या गटांचा अभ्यास करताना असे आढळले की, उपचारकाची समानुभूती, आपुलकी आणि योग्य मार्गदर्शन यांच्याशी प्रगतीचा संबंध असतो, तर आक्रमक दटावणी मारक ठरते. तथापि सद्भावनाही पुरेशी नसते. इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांत चाललेल्या लैंगिक गुन्हेगारांसाठीच्या मुख्य उपचार कार्यक्रमाचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले मूल्यमापन पाहता, कार्यक्रम घेतलेल्यांपैकी १० टक्के, तर न घेतलेल्या तुलनीय कैद्यांपैकी ८ टक्के जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे दिसले. परिणामी तो कार्यक्रम बदलावा लागला.

म्हणूनच अनुभवी सहकाऱ्यासमोर आपल्या कामाची नियमित चिकित्सा करण्याची पद्धत, म्हणजे पर्यवेक्षण, ही येथे ऐच्छिक सोय मानता येत नाही. कोणाचा आवाज ऐकताच अंग आखडले, कोणाला अधिक वेळ दिला, कोणाच्या अश्रूंवर विश्वास बसला नाही, हे तेथे उघडपणे बोलता आले पाहिजे. स्वतः अत्याचार सोसलेल्या उपचारकाला विशिष्ट गट नाकारण्याची मुभाही तेथेच, त्याच्या कर्तृत्वावर शंका न घेता, मिळायला हवी.