जहाजाचा धूर आणि कोरिऑलिसचा तराजू

‘एक टन तेल जाळल्यावर तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड कसा निघेल? छपाईची चूक तर नाही ना?’ असं एका वाचकाने विचारलंय. चूक नाही. मोठ्या जहाजांच्या इंजिनात जळणारं जड तेल (आपल्या कारखान्यांच्या भट्ट्यांतल्या फर्नेस ऑइलचं सख्खं भावंड) वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतं. कार्बनच्या १२ भागांना ऑक्सिजनचे ३२ भाग जोडले जातात, आणि तो ऑक्सिजन टाकीतून नव्हे, हवेतून येतो. म्हणून टनामागे ३.११४ टन. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, हाच गुणक ठरवून दिलाय.

त्यामुळे जहाजाचा कार्बन मोजायला धुराड्यावर यंत्र बसवावंच लागतं असं नाही. तेल किती जळलं ते कळलं की उरतो तो गुणाकार. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ५,००० किंवा त्याहून जास्त ग्रॉस टनेजच्या जहाजांना २०१९पासून वर्षभराच्या इंधनाचा हिशेब द्यावा लागतो. उपग्रह आणि एआय यांच्या जोरावर उत्सर्जन ‘लाइव्ह’ दाखवणाऱ्या जाहिराती हल्ली फार दिसतात. जहाज कुठे आहे आणि किती वेगाने चाललंय हे त्यातून कळतं, पण तेलाचा मात्र अंदाजच बांधावा लागतो. टाकीतलं तेल टाकीतच मोजावं लागतं.

आणि तिथेच खरी गंमत आहे. हे तेल थंडीत डांबरासारखं घट्ट होतं, म्हणून तापवून पाइपातून ढकलतात. तापलं की फुगतं. वीस अंशांच्या फरकाने घनफळ दीडेक टक्क्याने बदलतं. इंजिनिअर टाकीच्या नळीतून पितळी वजन लावलेली टेप सोडतो, पातळी वाचतो, तापमान घेतो, जहाज पुढेमागे किती कललंय ते बघतो आणि कोष्टकं उघडतो. त्यात तेल देणाऱ्या बार्जने पाइपात हवा फुंकली तर? दूधवाल्याने उंचावरून धार सोडली की फेसाने माप भरतं, आणि फेस बसल्यावर पातेलं रिकामं दिसतं, तसंच. बंदरांवर याला ‘कॅपुचिनो इफेक्ट’ म्हणतात. बिल पूर्ण टनांचं येतं, टाकीत मात्र थोडी हवाच असते.

यावर उपाय घनफळ सोडून थेट वस्तुमान मोजण्याचा. सिंगापूरने २०१७पासून आपल्या बंदरात बार्जवर मास फ्लो मीटर सक्तीचे केले. या मीटरमधली वाकडी नळी सतत थरथरवत ठेवतात. आतून तेल वाहू लागलं की नळी किंचित पिळते. जितके किलो वाहतील तितका पीळ जास्त. हवा मिसळली तर थरथरीचं वागणंच बदलतं आणि लबाडी उघडी पडते.

या पिळामागचा माणूस म्हणजे गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस (१७९२–१८४३). चक्रीवादळाच्या भोवऱ्याशी आपण त्याचं नाव जोडतो, पण वादळांशी त्याचा संबंध नव्हता. तो यंत्रं आणि पाणचक्क्यांच्या हिशेबात रमलेला माणूस. फिरत्या यंत्रांवरचा त्याचा गाजलेला निबंध १८३५चा, आणि त्याच वर्षी त्याने बिलियर्ड्सच्या गणितावर आख्खं पुस्तक लिहिलं! हवामानवाल्यांनी त्याला पुढे उचललं. तेव्हा तेलाच्या पाइपावर तो आला, तो आपल्या यंत्रांच्या मूळ घरी आला असं म्हणायला हरकत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तेलाच्या खरेदीत विकणारा जास्त दाखवू बघतो आणि घेणारा कमी, म्हणून दोघं एकमेकांवर नजर ठेवतात. कार्बनच्या हिशेबात आकडा कमी निघाला तर बार्जवाल्यालाही त्याचं सुखदुःख नाही आणि जहाजमालकालाही. युरोपने २०२४पासून जहाजांना कार्बनचे पैसे मोजायला लावल्यावर तर कमी दाखवण्यात थेट फायदा आहे. मग पडताळणी करणाऱ्याच्या चोखपणावरच सगळी मदार. आयएमओकडे जमा होणारी माहिती सामान्य माणसाला जहाजागणिक सरसकट बघायला मिळत नाही. युरोपीय संघ मात्र आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांचे वार्षिक आकडे नावानिशी जाहीर करतो. माझ्या मते आयएमओनेही तेच करावं. तोवर मुंबईच्या समुद्रात एखादं मोठं मालवाहू जहाज दिसलं, तर त्याच्यावर रंगवलेला सात आकडी आयएमओ क्रमांक टिपून घ्या. ते युरोपच्या बंदरांत जात असेल, तर त्याचा कार्बनचा हिशेब तुम्हाला त्या यादीत सापडेल.